आमचा बँड आणि तिच्या भावाची मेंढरं

बँडचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना कळून कुणाचं काही भलं होणार नाही. माणसांचीही नावं लिहीत नाही. मला हे अजिबात आवडत नाही. मी पत्रकं लिहिता लिहिता लिहायला शिकले. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोण बोलतंय ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत कुणाला जाब विचारतोय ते सांगायचं, असं मला शिकवलं गेलं. इथे दोन्ही जागा रिकाम्या सोडाव्या लागताहेत. त्याचा राग आधीच नोंदवते आणि पुढे जाते.

आम्ही तिघं होतो. मी गायचे, म्हणजे ओरडायचे. सूर हा माझा प्रांत नव्हे. गिटारवाला पिरंगुटचा. त्याच्या वडिलांचं मंडप आणि साउंडचं दुकान. ड्रम वाजवणारी नेऱ्याच्या बाजूची, धनगराघरची. घरी आई, मोठा भाऊ, मेंढरं, दोनचार शेळ्या. ती स्वतः उरवड्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंगला होती, आणि तिथेच गेटवर आमची भेट झाली. मी कंत्राटी कामगारांच्या हक्कांचं पत्रक वाटत होते. बहुतेक जण घडी करून खिशात घालत होते. ही उभ्या उभ्या सगळं वाचून परत माझ्याकडे आली.

"ताई, लई शब्द हायेत ह्यात. सुट्टीत भाकरी खायाची का हे वाचायचं?"

मग थोडक्यात काय म्हणायचंय ते तिने विचारलं. मी सांगितलं. एवढंच छापा की, म्हणाली. त्या दिवसापासून मी लिहिलेलं सगळं छापण्याआधी तिच्याकडे जाऊ लागलं. पुढे गाणी लिहायला लागलो तेव्हा तर तिने माझी कत्तलच केली. मी बारा ओळी न्यायचे, ती त्यातल्या दोन ठेवायची, आणि त्या दोन ओळींवर ड्रम असा काही बसवायची की उरलेल्या ओळी कधी होत्या हेच आठवायचं नाही.

ढोल तिने चुलत्याचा ऐकून ऐकून उचलला होता. देवाच्या ढोलाला बाईचा हात लावू देत नाहीत, म्हणून ती कारखान्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपावर वाजवायची. खऱ्या ड्रमसेटवर पहिल्यांदा बसली ती गिटारवाल्याच्या गोडाऊनमध्ये. पायाखालचा पेडल तिने असा दाबला की जणू त्याच्याशी जुनं भांडण आहे.

गोडाऊन उरवड्यातच. शेजारी पत्रा कापायचा कारखाना, त्यामुळे आमच्या आवाजाबद्दल तक्रार करायला कुणी नव्हतं. आत कनाती, सतरंज्या, गाद्या, खुर्च्यांचे मनोरे. लग्नाचे मुहूर्त नसले की माल सगळा आत, आणि आवाज सतरंज्यांत जिरून घट्ट यायचा. मुहूर्त लागले की माल बाहेर, आणि रिकाम्या पत्र्याखाली एकेक ठोका तीनतीनदा ऐकू यायचा. तिथी बघून सराव ठरवणारा दुसरा पंक बँड असेल असं वाटत नाही.

तिघंही क्वीअर. गिटारवाल्याला मुलगे आवडतात, तिला आणि मला मुली. ती आणि मी जोडी नव्हतो, हे सांगून सांगून आमची तोंडं दुखली. स्टेजवर पहिली ओळ ठरलेली असायची: आम्ही क्वीअर आहोत, मुळशीचे आहोत, आवाज कमी होणार नाही. हे मी म्हणायचे, माइक गिटारवाल्याकडे द्यायचे, तो म्हणायचा, मग ती ड्रमवरून उठून म्हणायची. तिघांनी आपापल्या तोंडाने म्हणायचं, हा नियम. एकाने तिघांच्या वतीने म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही, हे माझं म्हणणं होतं, आणि ते दोघांना पटलं होतं.

घरी सगळ्यांना माहीत होतं. गिटारवाल्याच्या वडिलांना मी चाचा म्हणायचे. साउंड हवा तेवढा न्या, पण दुकानाचं बॅनर कुठे लावायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मी वाद घातला. चाचा म्हणाले, की गणपतीच्या मंडळांची कामं करतो मी, पोरी, आमच्याकडे लोक तसंही जरा निरखूनच बघतात. त्यांनी मला चहा पाजला आणि बॅनरवर ठाम राहिले.

तिने घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. भावाने फक्त विचारलं, की कारखान्यात कळलंय का. कळलंय म्हटल्यावर तो शेळ्या बांधायला गेला. पुढे घरात यावर शब्द नाही. जेवायला वाढतात, पांघरूण देतात, ती आली का उशिरा हे बघतात, पण शब्द नाही. मला हे भयंकर वाटायचं. तिला नाही. ती म्हणायची, मेंढरं राखणारी माणसं दिवसात बोलतात किती, ते आधी बघ.

आमचं सगळ्यात चांगलं गाणं तिचं होतं. हिंजवडीच्या बाजूने सरकत आलेल्या इमारती, कुंपणं, आणि कुंपणाच्या बाहेर राहिलेली माणसं, असं काहीसं. त्याची सुरुवात ड्रमने होत नसे. ती माइकजवळ यायची आणि भावाची हाक द्यायची. मेंढरं गोळा करायची हाक. प्रत्येक मेंढक्याची वेगळी असते. यांच्या घरची बापाकडून भावाकडे आलेली. आधी जिभेने टाळूवर दोन टिचक्या, मग घशातून एक लांब हुर्र, आणि शेवटी आवाज वर नेऊन एकदम तोडायचा. त्या तुटण्यावर तिचा पहिला ठोका पडायचा. पुण्यात लोक वेडे व्हायचे. त्यांना वाटायचं आम्ही काहीतरी नवीन शोधून काढलंय.

हिवाळ्यात पुण्यातल्या एका तळघरात कार्यक्रम झाला, त्याचा व्हिडिओ कुणीतरी काढला आणि तो फिरला. दिवा मागून होता. चेहरे दिसत नव्हते, तीन काळ्या आकृत्या आणि आवाज. गावाकडचा कुणी बघेल तर पुण्याची पोरं धिंगाणा घालताहेत एवढंच समजेल, असं आम्ही धरून चाललो. पहिली ओळ ऐकू येत होती, मुळशीचे आहोत हेही. पण मुळशी म्हणजे अख्खा तालुका आहे.

आता मेंढरं बसवणं म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रब्बी निघाली की रान रिकामं पडतं. शेतकरी धनगराला सांगतो, माझ्या रानात मेंढरं बसव. संध्याकाळी दोरीची जाळी गोल लावायची, खांड आत घ्यायचं, म्हणजे आख्खा कळप. रातभर त्या तुकड्यात मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. सकाळी जाळी काढायची, दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, कुणी रोख देतो. पाऊस लागेपर्यंत या रानातून त्या रानात असं खांड जगतं, आणि खांड जगलं की घर जगतं. नेऱ्याकडे आता रानं उरलीत थोडी. जी उरलीत त्यातले शेतकरी मोठ्या सोसायट्यांना सेंद्रिय भाजी विकतात, म्हणून त्यांना लेंडीखत लागतंच. तिच्या भावाची घरं ठरलेली होती. बापाच्या वेळेपासूनची.

त्या वर्षी पहिल्या घरून निरोप आला, की अवंदा नको.

त्याने मनावर घेतलं नाही. प्लॉट विकला असेल म्हणाला. मग दुसरीकडे गेला, तर ते म्हणाले बघू. बघू म्हणजे नाही, हे त्याला कळतं. तिसऱ्याने सांगितलं की ट्रॉलीने शेणखत मागवलंय. तिसरा हा त्यांचा सगळ्यात जुना शेतकरी, ज्याला सगळे तात्या म्हणतात. तात्याच्या रानात दरसाल सगळ्यात जास्त दिवस बसायची मेंढरं. तिथे शेणखताचा एक ढीग दिसत नव्हता.

गोडाऊनवर ती हे सांगायची आणि आम्ही तिघं तर्क करत बसायचो. सराव बाजूला. बँडमुळे असेल का? नसेल. खरंच जमिनी विकल्या असतील. पण सगळ्यांनी एकाच महिन्यात? भावाला कुणी काही बोललंय का? कुणी काहीच बोलत नव्हतं. हेच तर होतं. शिवी दिली असती तर शिवीला उत्तर देता येतं. दारावर दगड मारला असता तर तक्रार करता येते. इथे लोक हसून पाणी देत होते, मेंढरं कशी हायेत विचारत होते, आणि रान देत नव्हते. मी माझ्या कामात धमक्या बघितल्यात, साहेबांचे फोन बघितलेत. असं मऊ काही बघितलं नव्हतं. माझी झोप गेली. फोन वाजला की वाटायचं, आता आणखी कुणी नाही म्हटलं.

कळलं ते तात्याच्या सुनेकडून. ती आणि ही एका वर्गात होत्या. सून हिला बसस्टॉपवर भेटली आणि हळूच सांगून गेली. तात्याचा पुतण्या ओट्यावर बसून मोबाईलवर तो व्हिडिओ बघत होता. त्याला काही कळलेलं नव्हतं. पुण्याची पोरं म्हणून हसत होता. आतल्या खोलीत तात्याची म्हातारी आई झोपून असते, तिला दिसत नाही. हाक ऐकल्याबरोबर म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, मेंढरं आली व्हय, दार उघडा, पाणी द्या त्यास्नी. पुतण्याने व्हिडिओ पुन्हा लावला. म्हातारी पुन्हा म्हणाली. मग तात्या बाहेर आला, त्याने हाक ऐकली, आणि व्हिडिओच्या सुरुवातीचं सगळं बोलणंही ऐकलं. कोण कोण आहोत, काय आहोत, कुठले आहोत. मग ते घरोघर गेलं.

चेहरा लपला होता, आणि हाकेवर सगळ्या खोऱ्याने ओळखलं. हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. तिला ती हाक आपली वाटत होती. ती आपली होतीच. पण ती खांडाचीही होती, आणि ज्या ज्या रानात ते खांड बसलं होतं, त्या घरांचीही.

मी पत्रक लिहायला घेतलं. हे नाकारलेलं रान म्हणजे बहिष्कार आहे, आणि बहिष्कार हा गुन्हा आहे, असं मी लिहिलं. कोण कोण नाही म्हणालं ते लिहिलं. ते घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने वाचलं. या वेळी एक शब्दही कापला नाही, सगळाच कागद घडी करून मला परत दिला. हे वाटलंस तर रान देणारी जी दोनचार घरं उरलीत तीही जातील, म्हणाली. मी म्हटलं, मग गप्प बसायचं? ती म्हणाली, मी गप्प बसलीया असं तुला कुणी सांगितलं, मी इचार करतीया.

त्याच सुमारास मुळशीतल्याच लवासातून बोलावणं आलं. तिथे तळ्याच्या काठाला एक कॅफे कसाबसा चालू होता. मागे अर्धवट इमारती, खिडक्यांना काचा नाहीत. कॅफेवालीला तिथे छोटा कार्यक्रम करायचा होता. तोवर आम्ही पुण्यात वाजवलं, एकदा मुंबईत वाजवलं, पण मुळशीत कधीच नाही. आणि स्टेजवरून मात्र दर वेळी मुळशीचे आहोत म्हणत आलो. मला हे खुपत होतं. मी हो म्हणून टाकू या म्हटलं. गिटारवाला तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, हो म्हण. तोपर्यंत रान मिळंल.

मिळालं नाही. खांड एका बिल्डरच्या मोकळ्या प्लॉटवर बसत होतं. तिथे खत गेलं काय आणि राहिलं काय, कुणाला त्याची किंमत नाही. म्हणजे धान्यही नाही. मग तिथेही पत्रे ठोकायला माणसं आली. राखणीचा गडी आधीच सोडून गेला होता. भावाने एका संध्याकाळी ठरवलं, की उद्या उठायचं. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

तेव्हा बॅनर नको म्हणणाऱ्या चाचांनी गिटारवाल्याकडून निरोप धाडला, की गोडाऊनच्या मागे पडीक जागा आहे, चार दिवस बसू द्या तिथे, टेंपो पाठवतो. कुणाची परवानगी त्यांनी विचारली नाही.

नेऱ्याहून उरवड्याला मेंढरं चालवत न्यायची तर हिंजवडीच्या अंगाने, माणवरून, घोटावड्याच्या रस्त्याने यावं लागतं. म्हणजे कंपन्यांच्या कॅब आणि मुरमाचे डंपर. भाऊ पुढे. ती मागे. मधे दोन्ही बाजूंना मी आणि गिटारवाल्याचा एक चुलतभाऊ. गिटारवाला टेंपो चालवत सगळ्यांच्या मागे, हजार्डचे दिवे लावून. टेंपोत भांडी, जाळ्या, अंथरुणं, नुकतीच व्यालेली एक शेळी आणि चालता न येणारी कोकरं, आणि कडेला आमचा ड्रमसेट. लवासाचा कार्यक्रम आठवड्यावर होता आणि ड्रमचं कातडं बदलायला पुण्याला न्यायचं होतं, म्हणून तो तसाच टेंपोत राहिलेला. एका कोकराने झांजेच्या स्टँडला डोकं टेकलं होतं.

माझ्या हातात काठी दिली होती. मला त्या काठीचं काय करायचं ते कळत नव्हतं. एखादं मेंढरू रस्त्याच्या मध्याकडे वळलं की माझा जीव जायचा. मागून हॉर्न. एक कॅबवाला काच खाली करून ओरडला, "मॅडम, साइड में लो ना, शिफ्ट छूट जाएगी." मी त्याला म्हटलं, इनकी भी शिफ्ट है. गिटारवाल्याचा चुलतभाऊ हसला. तेवढंच हसणं त्या दिवसातलं.

माण ओलांडून पुढे आलो तेव्हा समोरून मोटरसायकल आली आणि आडवी थांबली. तात्या. मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. मी मनात एक माणूस रंगवून ठेवला होता, मिशाळ, मोठ्या आवाजाचा. हा बारीक, दाढी वाढलेला, गाडीवरून उतरताना गुडघा धरणारा माणूस होता. त्याने मेंढरांकडे आधी बघितलं. एकेक करून, ओळखीच्या माणसांकडे बघावं तसं. मग भावाला विचारलं, कुठे चाललास. भाऊ उरवड्याला म्हणाला. तिथे तुझं कोण आहे, तात्या म्हणाला. भावाने टेंपोकडे मान वळवली.

खांड थांबलं होतं. मागे कॅबची रांग लागत होती.

"माझं रान रिकामं हाय," तात्या म्हणाला. "तुला ठावं हाय. भाजीला लेंडी न्हाई मिळाली तर माझंबी अवघडच हाय. पर मला गावात ऱ्हायचंय. चार लोकं तोंडावर इचारत्यात. मला एक बोल दे. तुझी भईन ते गानं-बिनं सोडंल. आनि त्या व्हिडिओत जे बोलत्यात, तसलं काय तिचं न्हाई. एवढं बोल, म्हंजी मी लोकांस्नी सांगतो. आजच लाव जाळी."

भावाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याचं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. तो काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात ती मागून, मेंढरांच्या मधून वाट काढत पुढे आली.

"तात्या, त्याला नका इचारू. माझं हाय, मी बोलती. वाजवायचं सोडते. लवासाला न्हाई जात, पुण्याला न्हाई, कुटंच न्हाई. बास?"

तात्याने मान डोलावली.

"पर दुसरं न्हाई म्हणणार मी. मला पोरी आवडत्यात. ते हाय ते हाय. ते न्हाई म्हणून तुमी लोकांस्नी सांगायचं न्हाई."

"अगं बाई, रस्त्यावर मोठ्यानं कशाला बोलतीयास ते?"

"तुमीच रस्त्यावर इचारलं."

मी पुढे झाले. मी म्हणाले, तात्या, हे जे तुम्ही मागताय ते कायद्याने... तिने माझ्याकडे बघितलं.

"ताई, मेंढरं रोडावर हायेत."

माझं वाक्य तिथेच राहिलं. खरंच मेंढरं रस्त्यावर होती. एक डंपर अगदी जवळ येऊन धडधडत उभा होता, आणि कडेची मेंढरं बिथरून एकमेकांवर चढायला लागली होती.

तात्याने मोटरसायकल कडेला घेतली. मग भावाला म्हणाला, "मी पयलं आयकलं. दुसरं मी आयकलंच न्हाई. चल, वळव."

भावाने वळवलं.

मला हे आजही गिळता येत नाही. तिने भर रस्त्यात, कॅबवाल्यांसमोर, स्वच्छ आवाजात सांगितलं, आणि त्या माणसाने ऐकलंच नाही असं ठरवून टाकलं. म्हणजे तिने बोलायचं आणि त्यांनी बहिरं व्हायचं, आणि या बहिरेपणाला सगळ्यांनी सोय म्हणायचं. बदल्यात तिने ड्रम द्यायचे. हा व्यवहार चांगला झाला, समजूतदारपणे मिटलं, असं मला बऱ्याच लोकांनी पुढे सांगितलं. आमच्याच चळवळीतल्या लोकांनीसुद्धा. त्यांनी तो डंपर बघितलेला नाही, आणि तिचे हातही बघितलेले नाहीत. बोलताना तिची बोटं मांडीवर ठोके मोजत होती.

तात्याच्या रानात जाळी लावायला आम्हीही हात लावला. दोरी कशी ओढायची ते भावाने मला दाखवलं. टेंपोतून भांडी उतरवली, शेळी उतरवली, कोकरं उतरवली. ड्रमसेट तेवढा राहिला. गिटारवाला टेंपोच्या मागे उभा राहून तिच्याकडे बघत होता. ती आली, तिने ड्रमवरची ताडपत्री नीट केली, दोरी आवळली, गाठ बघितली आणि म्हणाली, हळू ने, खड्डे हायेत. मग चुलीला दगड शोधायला गेली.

लवासाला आम्ही नाही म्हणून कळवलं. कॅफेवालीने कारण विचारलं, आणि मी पहिल्यांदा कारण सांगितलं नाही. नंतर आम्ही दोघांनी गोडाऊनमध्ये मोबाईलवरचा ठोका लावून बघितला. लग्नसराई होती, गोडाऊन रिकामं होतं. तो ठोका पत्र्यावर आपटून परत यायचा, दर वेळी अगदी सारखा, आणि मला कुठे ओरडायचं तेच कळेना. एक गाणं झालं. दुसरं सुरू केलं आणि गिटारवाल्याने मधेच हात थांबवला. ठरवून काही ठरवलं नाही. पुढच्या रविवारी मी गेले नाही, आणि त्याचा फोन आला नाही. बँड गेला तो असा.

तात्याने बसवली म्हटल्यावर दुसऱ्याचं बघू होतं ते हो झालं. पहिल्याचाही निरोप आला. पाऊस लागेपर्यंत खांड रानात बसलं. ती कारखान्यात जाते, सुट्टीला मेंढरांमागे जाते. तिचं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, कुणी काढत नाही. तात्याची सून तिला बसस्टॉपवर भेटते आणि आता हळू बोलत नाही, असं तिने मला सांगितलं. ही चांगली गोष्ट आहे का, मी विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

आता पुन्हा रब्बी निघाली आहे. परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोललो. कारखान्यात नवीन ठेकेदार आलाय, पत्रक लागेल म्हणाली, छोटं लिही.

मग तिने सांगितलं. आदल्या दिवशी ती भावाबरोबर रानात होती. दोघं जाळी काढत होते. भाऊ दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "त्या दिशी तू मधी का आलीस? मी बोलणार व्हतो."

आणि पुढचा खुंटा उपटायला गेला.

मी फोनवर जवळजवळ ओरडलेच, की काय बोलणार होता तो?

"मी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तूबी कधी इचारू नको त्याला."